लेखी नव्हतं, तरी भाडं होतं

इंदूरहून नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा कोथरूडला आम्ही तिघींनी मिळून फ्लॅट घेतला. भाडं 21,000, डिपॉझिट 42,000. म्हणजे प्रत्येकी 7,000 आणि 14,000. घरमालकीण काकू वरच्याच मजल्यावर राहायच्या. "करारबिरार कशाला, मुलींसारख्याच तुम्ही," त्या म्हणाल्या. आम्हालाही बरंच वाटलं, तेवढाच खर्च वाचला!

वर्षभराने मला हैदराबादला नोकरी मिळाली. 26 सप्टेंबरला मैत्रिणींना व्हॉइस मेसेज पाठवला आणि 30 ला बॅगा उचलल्या. ऑक्टोबरमध्ये काकूंनी उरलेल्या दोघींकडून पूर्ण 21,000 घेतले. मी मात्र माझे 14,000 परत मागत होते. "मी तिथे राहतच नाही, कशावर सही नाही, मग भाडं कसलं?" हे माझं म्हणणं. त्यानंतर आमच्या ग्रुपवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीला घरी आले तेव्हा आत्याकडे गाऱ्हाणं मांडलं. आत्या वकिली करते. पोह्यांवर सेव घालता घालता ती म्हणाली, "भाडं किती ते ठरलं होतं ना? दर महिन्याला देत होतीस ना? मग करार होताच की. तोंडी होता, एवढंच."

मग तिने मला 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 समजावलं. अनेकांनी मिळून एखादी गोष्ट कबूल केली आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने जास्त भरलं, त्याने ती इतरांकडून वाट्याप्रमाणे वसूल करावी. म्हणजे काकूंनी दोघींकडून सगळं घेतलं ते चूक नव्हतं, आणि त्या दोघी माझ्याकडे मागत होत्या तेही. शिवाय महिन्याच्या बोलीवरचं राहतं घर सोडायचं तर 15 दिवसांची नोटीस लागते, तीही लेखी. माझी चार दिवसांची, तीही तोंडी आणि काकूंना नाहीच!

"पण महाराष्ट्रात करार नोंदवावा लागतो ना?" मी शेवटचा पत्ता टाकला. आत्या हसली. खरं आहे, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अगदी 11 महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. "मग तुझं म्हणणं काय? भाडं 7,000 नव्हतं असं सांगणार आहेस? यूपीआयवर बारा महिन्यांची नोंद आहे." मी पोहे संपवले.

हिशेब तसा सोपाच निघाला. 16 ऑक्टोबरला नवी मुलगी आली होती. अर्ध्या महिन्याचे 3,500 माझे, विजेच्या बिलातले 640 माझे. नवीच्या डिपॉझिटमधून मला 9,860 परत मिळाले. दोघींनी जास्तीचे भरलेले पैसेही सुटले.

हैदराबादला आता आम्ही चौघी आहोत. आल्या आठवड्यातच एका कागदावर कोणाचा वाटा किती, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट कोणी परत द्यायचं हे लिहून चौघींनी सह्या केल्या. एकीला तो प्रकार फारच परका वाटला. वाटू दे म्हटलं.

पुण्यातल्या एका मैत्रिणीचा परवा फोन आला होता. दुसरीचा अजून नाही.