क्लस्टरमधील कुलुपे : दिलेले लॉक परत घेताना

एकाच यंत्रावर चालणाऱ्या कर्नलला फाइलींची लॉक सांभाळणे फारसे जड जात नाही, कारण लॉक मागणारी प्रत्येक प्रक्रिया त्याच्याच देखरेखीखाली चालत असते आणि ती मेली तर तिच्या नावावरची सगळी लॉक त्याच क्षणी मोकळी करता येतात. गेल्या लेखांकात पाहिलेल्या सामायिक डिस्कच्या रचनेत, म्हणजे अनेक यंत्रे (त्यांना नोड म्हणतात) एकच डिस्क थेट जोडून वापरतात त्या रचनेत, ही सोय उरत नाही. लॉक धरून बसलेली प्रक्रिया भलत्याच यंत्रावर असते आणि ती जिवंत आहे की नाही, हेही खात्रीने सांगता येत नाही. अशा क्लस्टरमध्ये लॉक देणे तुलनेने सोपे असते. दिलेले लॉक परत कसे घ्यायचे, या प्रश्नापाशीच फाइल सिस्टिमच्या कर्नल मॉड्यूलची बहुतेक गुंतागुंत साचलेली आढळते. लिनक्समधील जीएफएस२ ही फाइल सिस्टिम त्याचे चांगले उदाहरण आहे.

जीएफएसचा आरंभ १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात, आयरिक्स या युनिक्स प्रणालीवर झाला. लॉकची नोंद खुद्द डिस्कच्या उपकरणातच ठेवावी आणि त्यासाठी स्कझी आज्ञांमध्ये एका नव्या आज्ञेची भर घालावी, ही तेव्हाची कल्पना धाडसी असली तरी ती आज्ञा बाजारात रुळली नाही, आणि लॉकचे काम पुढे नेटवर्कवरून चालणाऱ्या वितरित लॉक व्यवस्थापकाकडे, म्हणजे डीएलएमकडे आले. डीएलएमची मूळ घडण १९८० च्या दशकातील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएस क्लस्टरांतली असून लॉकच्या सहा पायऱ्यांची तिची उतरंड लिनक्सने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. जीएफएस२ आणि डीएलएम ही दोन्ही मॉड्यूल २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१९ या आवृत्तीत दाखल झाली.

येथे दोन प्रकारची लॉक वेगळी ओळखणे आवश्यक आहे. एक लॉक प्रोग्राम स्वतःहून मागतो. दुसरे फाइल सिस्टिम स्वतःच्या गरजेपोटी घेते आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसतो. या दुसऱ्या प्रकाराला जीएफएस२ मध्ये ग्लॉक म्हणतात. फाइलीचा आयनोड, म्हणजे तिची मूळ नोंद, किंवा डिस्कवरील मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणारा रिसोर्स ग्रुप, अशा प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ग्लॉक असतो आणि तो चारपैकी एका अवस्थेत असतो : मोकळा, वाचनासाठी सामायिक, लेखनासाठी अनन्य, किंवा कॅश टाळून थेट डिस्कशी व्यवहार करणाऱ्या नोडांसाठी राखलेला ‘डिफर्ड’. सामायिक ग्लॉक हातात असणे म्हणजे त्या फाइलीची पाने स्वतःच्या कॅशमध्ये ठेवण्याचा परवाना असणे. अनन्य ग्लॉक असेल तर ती पाने डिस्कवर न लिहिता काही काळ तशीच बदललेल्या स्थितीत बाळगण्याचीही मुभा मिळते. काम संपले तरी नोड हा परवाना लगेच परत करत नाही, कारण तीच फाइल पुन्हा लागण्याचा संभव बराच असतो आणि तोवर नेटवर्कवर एकही संदेश न पाठवता काम भागते.

आता ‘अ’ या नोडने एका फाइलीत मजकूर लिहिला आहे आणि ‘ब’ या नोडवरच्या प्रोग्रामला त्यातले थोडेसे बाइट वाचायचे आहेत, असे समजू. ‘ब’ची मागणी त्या लॉकच्या मास्टर नोडकडे जाते (सामान्यतः ज्याने ते लॉक प्रथम मागितले तोच मास्टर होतो), आणि मास्टर ‘अ’ला कळवतो की त्याचे अनन्य लॉक कोणाच्या तरी आड येत आहे. ‘अ’चे मॉड्यूल तेवढ्याने लॉक सोडत नाही. लॉक हाती आल्यावर ते किमान काही काळ धरून ठेवण्याची सोय त्यात आहे, कारण ती नसेल तर दोन नोड काहीच काम न करता लॉकची नुसती फेकाफेक करत बसतील. ती मुदत संपल्यावर ‘अ’ला आधी स्वतःचा जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, डिस्कवर उतरवावा लागतो, मग बदललेली पाने लिहावी लागतात, आणि त्यानंतरच अनन्य लॉक उतरून सामायिक होते. ‘ब’ला परवानगी मिळते, तो आयनोड डिस्कवरून वाचतो आणि मग हवे ते बाइट. पुढे ‘ब’ने त्याच फाइलीत लिहायचे ठरवले तर ‘अ’ला आपल्या कॅशमधली त्या फाइलीची पाने टाकूनच द्यावी लागतात.

क्लस्टर संथ झाल्याची तक्रार आली की पहिला संशय डिस्कवर घेतला जातो, पण पुष्कळदा मूळ या ये-जेतच असते. दोन नोड एकाच डिरेक्टरीत सतत नव्या फाइली निर्माण करत असतील तर फाइली वेगवेगळ्या असूनही डिरेक्टरीचा अनन्य ग्लॉक दोघांमध्ये हेलकावे खात राहतो. प्रत्येक नोडला स्वतःची डिरेक्टरी देणे हा त्यावरचा साधा आणि परिणामकारक उपाय. निदानासाठी डिबगएफएसमधून ग्लॉकची यादी वाचता येते. तिच्यातील प्रत्येक ग्लॉकच्या ओळीत प्रकार आणि क्रमांक तिरक्या रेघेने जोडलेले असतात, ज्यात २ हा प्रकार आयनोडचा आणि ३ हा रिसोर्स ग्रुपचा, तर खालच्या ओळींत खोळंबलेल्या प्रक्रियांची नावे असतात. क्रमांक षोडशमान पद्धतीत असल्याने तो दशमानात आणल्यावरच आयनोड क्रमांकावरून फाइल शोधता येते.

प्रोग्रामने मागितलेल्या लॉकची वाट निराळी आहे. फ्लॉक हे संपूर्ण फाइलीला लागणारे लॉक असल्याने ते ग्लॉकच्या साच्यात सहज बसते. पॉझिक्स लॉक मात्र फाइलीतल्या ठराविक बाइटांपुरते असते, ते प्रक्रियेच्या मालकीचे असते, आणि त्या प्रक्रियेने तीच फाइल दुसऱ्या मार्गाने उघडून नुसती बंद केली तरी सुटते. हा नियम कितीही विचित्र वाटला तरी प्रमाण आहे आणि तो पाळावाच लागतो. कर्नलमधील डीएलएमला बाइटांची भाषा येत नाही. म्हणून जीएफएस२ अशी मागणी कर्नलबाहेर चालणाऱ्या एका सेवेकडे सोपवते, आणि ती सेवा प्रत्येक मागणी सर्व नोडांना एकाच क्रमाने पोचवते, जेणेकरून प्रत्येक जण स्वतंत्रपणे तोच निर्णय काढेल. ही पद्धत बिनचूक असली तरी महाग आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांत तर सेकंदाला १०० संदेशांची मर्यादाच घातलेली असे. शिवाय लॉक कोणाकडे आहे असे विचारल्यावर मिळणारा प्रक्रिया क्रमांक दुसऱ्याच नोडवरचा असू शकतो, आणि त्या क्रमांकाला सिग्नल पाठवणारा प्रोग्राम आपल्याच यंत्रावरील एखाद्या निरपराध प्रक्रियेचा बळी घेऊ शकतो. नव्या कर्नलमध्ये परक्या नोडवरचा क्रमांक ऋण करून दिला जातो, तो यासाठीच.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो अनन्य लॉक हाती असलेला नोड गप्प होतो तेव्हा. तो मेला असेल तर प्रश्न नाही. परंतु तो केवळ गोठलेला असेल आणि काही वेळाने जागा होऊन, लॉक अजून आपल्याकडेच आहे या समजुतीने डिस्कवर लिहू लागला, तर फाइल सिस्टिमची वाताहत होते. बाहेरून पाहणाऱ्या नोडांना या दोन स्थितींतला फरक कळण्याचा मार्ग नसल्याने फेन्सिंग केले जाते, म्हणजे त्या नोडची वीज तोडली जाते किंवा डिस्ककडे जाण्याची त्याची वाट बंद केली जाते. त्यानंतर डीएलएम लॉकची मांडणी नव्याने करतो, दुसरा एखादा नोड गेलेल्या नोडचा जर्नल वाचून अर्धवट बदल मार्गी लावतो, आणि मगच त्याची लॉक इतरांना खुली होतात. फेन्सिंग पुरे झाल्याचे उत्तर येईपर्यंत डीएलएम नवी लॉक देणे थांबवतो. त्यामुळे वीज तोडणारे उपकरणच नादुरुस्त असेल तर उरलेले सर्व नोड धडधाकट असूनही त्यांच्यावरची लॉक मागणारी प्रत्येक प्रक्रिया, एखादा प्रशासक हाताने तो नोड बंद करून तसे क्लस्टरला कळवीपर्यंत, खोळंबून राहते.