पेढीच्या काठावर शाळेचा दिवस

सकाळी 6.30. जुलै. भातकुली तालुक्यातलं पेढी नदीकाठचं गाव. रातभर झड होती. कोतवाल रपट्यावर उभे. बाजूच्या खांबावर पांढरा, पिवळा, लाल पट्टा. तिन्ही त्यांनीच उन्हाळ्यात ओढलेले. पेंट-ब्रशचे दीडशे रुपये पदरचे. पाणी पिवळ्याच्या वीतभर खाली. फोटो काढून तलाठ्याला पाठवतात. कोतवालांचं मानधन 2023 मध्ये 7,500 वरून 15,000 झालं.

9.40. गुरुजींची गाडी फाट्यावरच अडते. काळा चिखल मडगार्डात ठासून बसलाय. काडीनं कोरून काढतात.

10.45. फळ्यावर पेढी, पुढं पूर्णा, पुढं तापी. पूर्णा फुगली की पेढीला वाट मिळत नाही, पाणी मागं सरतं. पाऊस थांबला तरी पूर चढतो. मग मोवाड गावाची गोष्ट. 30 जुलै 1991, वर्धा नदीचा पूर, 204 माणसं गेली.

11.30. मैदान. आता कोतवालांचा तास. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन, नायलॉनची दोरी. बुडणाऱ्याला फेकायची. पहिल्या पोराची कॅन वाऱ्यानं भलतीकडेच जाते. कोतवाल झाकण उघडून चार बोटं पाणी भरतात, झाकण घट्ट पिळतात. आता नेमकी पडते. "दोरीचं टोक हाताले गुंडाळू नोका रे, तुमालेच ओढीन!" एक पोरगी गुंडाळतेच. तिला पुन्हा फेकायला लावतात.

1.00. खिचडी. लाकडं ओली, रांधणाऱ्या मावशींचे डोळे लाल. हा खारपाणपट्टा, हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही. "लाइन गेली का नळ गेला. झड लागली का पयले गुंड भरा," मावशी वाढता वाढता सांगतात. पुस्तकात हे नाही.

2.30. "पाणी आंगनात आलं. पयले काय करसान?" दप्तर. मोबाइल. मागच्या बाकावरून आवाज, "बैलाचं दावं सोडा लागते." कोतवाल मान डोलावतात. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक 1077 सगळे वहीत लिहितात.

4.20. पाणी पिवळ्यावर, रपटा बंद. पलीकडची सहा पोरं अलीकडे अडकली. पलीकडून एक बाप ट्रॅक्टरवरून ओरडतो, "गुडघाभर तं हाये!" कोतवाल दोन्ही हात आडवे करतात. बाप शिव्या देतो. ट्रॅक्टर भाड्याचा, मीटर चालू. पोरं मुकाट मागं फिरतात. दोघं मावशींकडे, चौघं गुरुजींसोबत शाळेतच. गुरुजी एकेकाच्या घरी फोन लावू लागतात.