हजेरीपटाबाहेरचं मूल

शाळेत येऊ घातलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला रायगडच्या किनाऱ्यावरून काही प्रश्न

दिवाळी सरली की रायगडातल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. वीटभट्ट्या आणि कोळशाच्या भट्ट्या पेटायची हीच वेळ. आईबापांबरोबर मुलंही निघतात आणि हजेरीपटात त्यांच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते. आता याच हजेरीवरून आणि गुणांवरून कोणतं मूल शाळा सोडणार, याचं भाकीत करणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत. आंध्र प्रदेशाने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने तो प्रयोग काही वर्षांपूर्वीच केला. गळतीआधी मुलापर्यंत पोचायचं, हा हेतू चांगलाच. पण वाडीवरच्या मुलाच्या गैरहजेरीमागे घरचा रोजगार असतो, हे गुरुजींना ठाऊक असतं. यंत्राला फक्त रकाना दिसतो. भाकीत पाहून कोणी भट्टीवर गेलं, मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं, जवळच्या शाळेत बसवलं, तर यंत्र कामाला आलं. नुसती लाल खूण करून ठेवली, तर मुलावर शिक्का बसला.

वादळ आणि निकाल

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूडकडे विजेचे खांब आडवे झाले; कित्येक गावांत वीज आणि मोबाइलची रेंज परतायला आठवडे लागले. नेमका तोच काळ करोनामुळे शाळा मोबाइलवर भरण्याचा. कोणी किती वेळा धडा उघडला, एवढंच मोजणारी यंत्रणा असती, तर तिने या मुलांना आळशी ठरवलं असतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये जवळपास असंच घडलं. बारावीच्या तोडीच्या ए लेव्हल परीक्षा रद्द झाल्या होत्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी सरकारी गणिती सूत्रातून गेल्या, आणि सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. सूत्रात शाळेच्या मागच्या निकालांना वजन होतं. त्यामुळे साध्या शाळेतल्या हुशार मुलाला शाळेचा इतिहास भोवला. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली.

'शालेत पानी'

आगरी-कोळी घरातलं मूल 'शाळेत पाणी' हे 'शालेत पानी' असं वाचतं. अक्षरं ओळखली, अर्थ कळला, उच्चार घरचा. बाई मान डोलावून पुढच्या ओळीकडे वळतात. मुलाचं वाचन ऐकून गुण देणारं ॲप फक्त प्रमाण उच्चारांवर घडलं असेल, तर ते दोन्ही शब्द चूक धरेल. ही भीती उगाच नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांच्या, बोलणं ऐकून लिहून घेणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या शंभर शब्दांमागे १९ चुका निघाल्या, कृष्णवर्णीयांच्या ३५.

उपाय आपल्या जिल्ह्यातच होऊ शकतो. लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पालकांच्या संमतीने आगरी, कोळी, कातकरी मुलांचं वाचन ध्वनिमुद्रित करायचं आणि बाजारातली ॲप त्यावर पारखायची, हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सहज बसेल.

अधिकार कोणाचा?

युरोपने २०२४ च्या कायद्यात प्रवेश आणि गुणदान ठरवणारी यंत्रं 'अतिजोखमी'ची मानली. वर्गात मुलांच्या भावना टिपणाऱ्या यंत्रांवर तर जवळपास बंदीच घातली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. मात्र २०२५ च्या नियमांनी शाळांना शैक्षणिक कामापुरती सवलत दिली आहे. म्हणजे राखण पालकांनाच करायची आहे.

त्यासाठी नवी समिती नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणं बंधनकारक केलं आहे. वंचित घरांनाही त्यात प्रमाणात जागा आहे. ॲपचा विषय वाडीवरचे पालक गावात असताना बैठकीत घ्यावा. यंत्र कोणाच्या आवाजावर घडलं? मुलाची माहिती कुठे राहते, कधी पुसली जाते? निकाल चुकला तर गुरुजी तो बदलू शकतात का? उत्तरं लेखी घ्यावीत. ती देता येत नसतील, तर ॲप पुढच्या बैठकीपर्यंत थांबलं म्हणून कोणाचं शिक्षण अडत नाही.