पीळदार नक्षी, पॉलिश आणि कारागिराची वही

देऊळघाट (जि. बुलढाणा) : बुलढाण्याला लागूनच सागवान नावाचे गाव आहे आणि तिथून थोड्या अंतरावर पैनगंगेच्या काठी आपले देऊळघाट. लाकूडकामाची आवड असलेल्या माणसाला हा परिसर नावापासूनच आपला वाटावा. आज या पानावर आम्ही सुतार आणि खरादी भावांसाठी दोन विषय घेत आहोत. पलंगाच्या खांबावर, कठड्याच्या दांड्यावर पीळ आणि धारी काढणारे नक्षीचे मिलिंग यंत्र हा पहिला, आणि लाकडाचे पॉलिश हा दुसरा. वरवर हे विषय वेगळे दिसतात, पण गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा दोन्हींचा हिशोब एकच होतो.

शहरातल्या सी.एन.सी. मशीनवर कोरलेला माल आता तालुक्याच्या दुकानांतही येतो. ते यंत्र लाखांच्या घरात जाते, म्हणून बहुतेकांच्या मनात पहिला विचार कर्जाचा येतो. कर्ज म्हटले की व्याज आले, आणि तिथे आपल्या अनेक भावांचे पाऊल अडते. ते अडणे योग्यच आहे. पण त्यातून ‘मग आपल्याला नक्षीकाम जमणारच नाही’ असा निष्कर्ष काढणे आम्हाला मान्य नाही.

हे काम हाताने फिरवायच्या यंत्रावर दोनशे वर्षांपूर्वीही होत होते. स्ट्रासबर्गहून लंडनला आलेल्या जॉन जेकब होल्ट्झापफेल यांनी १७९५ साली आपला पहिला लेथ विकला. त्यांच्या घराण्याचे नक्षीचे लेथ पुढे युरोपभर नावाजले. ते घेणारे बहुतेक हौशी लोक होते, पोटासाठी लाकूड कातणारे नव्हते. विशेष म्हणजे यंत्र विकणाऱ्या या घराण्याने १८४३ ते १८८४ या काळात कातकामावर पाच जाड ग्रंथ छापले आणि आपली विद्या त्यांत खुली केली. लंडनमध्ये १९४८ साली हौशी नक्षी-कातकाऱ्यांची एक संस्था निघाली. ती आपली पत्रिका काढते आणि कोणी कोणते बिट वापरले, कोणता पीळ कसा काढला हे त्यात छापले जाते. हौशी माणूस चूक झाली तरी लिहितो आणि जमले तरी लिहितो. त्यातून दुसऱ्याचे लाकूड वाचते.

आपल्याकडे मात्र उस्ताद पॉलिशचे माप शेवटपर्यंत मुठीत ठेवतो. शागिर्द दहा वर्षे दुकानात काढतो, पण लाख किती आणि स्पिरिट किती हे त्याला अंदाजानेच कळते. उस्ताद अल्लाहला प्यारे झाले की ते मापही त्यांच्याबरोबर जाते. वास्तविक हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, असा उल्लेख सहीह मुस्लिममध्ये आहे. कैरोच्या जुन्या घरांच्या मशरबिया खिडक्या म्हणजे खरादावर कातलेले लहान लहान तुकडे खिळ्याशिवाय एकमेकांत गुंतवून केलेली जाळी. असा वारसा असलेल्या कसबात एवढी चोरी कशासाठी, हे आम्हाला कधीच उमगले नाही.

आता यंत्राकडे वळू. खरादावर लाकूड जोरात फिरते आणि पटाशी स्थिर असते. नक्षीच्या मिलिंगमध्ये उलटे होते. लाकूड दोन टोकांमध्ये अडकवलेले असते आणि हँडलने हळूहळू फिरते. वर गाड्यावर बसवलेले राउटर मशीन लांबीच्या दिशेने सरकते. लाकडाचे फिरणे आणि राउटरचे सरकणे गिअरने एकमेकांना बांधले की पीळ पडतो. लाकूड अडकवून ठेवून फक्त राउटर सरकवले की सरळ धारी निघते. अमेरिकेत असे तयार यंत्र ‘लेगसी’ नावाने विकले गेले. ते मागवण्याची गरज नाही.

दुकानात स्वतः करायचे तर गिअरशिवायही जमते. जाड प्लायची लांब पेटी करावी, वरून उघडी. एका टोकाला लाकूड पकडणारा खिळा, दुसऱ्या टोकाला हँडलचा दांडा. त्या दांड्यावर लाकडाचा गोल ढोल बसवावा. ढोलाला बारीक पोलादी तारेचे दोन-तीन वेढे द्यावेत, तारेची दोन्ही टोके कप्पीवरून वळवून राउटरच्या गाड्याला बांधावीत. आता हँडलचा एक फेरा झाला की गाडा ढोलाच्या परिघाइतका सरकतो. ढोल ३ इंच व्यासाचा असेल तर एका फेऱ्याला सुमारे साडेनऊ इंच. म्हणजे ३० इंचांच्या खांबावर तीनहून थोडे अधिक पीळ पडतात. ४ इंचांचा ढोल घेतला तर पीळ साडेबारा इंचांवर जातो आणि जरा सैल, डौलदार दिसतो. तारेचे वेढे उलट दिशेने दिले की पीळही उलटा पडतो. पलंगाचे डावे-उजवे खांब नेहमी एकमेकांच्या उलट पिळाचे करावेत. सारखे केले तर गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

एकाच खांबावर दोन, तीन, चार धागे घ्यायचे तर विभागणीची चकती लागते. २४ भोकांची चकती केली तर २, ३, ४, ६, ८ आणि १२ असे भाग पडतात. पाच भाग तिच्यावर पडत नाहीत, त्यासाठी २० भोकांचा वेगळा फेर पाडावा. राउटरने एका वेळी ३ मि.मी.पेक्षा खोल जाऊ नये. घाई केली की लाकूड जळते, काळा डाग पडतो, आणि तो डाग पिळाच्या खोबणीतून काढायला अर्धा दिवस जातो. तारेत किंवा गिअरमध्ये थोडी ढिलाई राहतेच, म्हणून प्रत्येक काप एकाच दिशेने घ्यावा. जाताना कापायचे, येताना बिट उचलून रिकामे आणायचे. सुरुवात हळदूसारख्या एकसारख्या, बारीक तंतूंच्या लाकडावर करावी. सागवान महाग आहे, शिकण्यासाठी नाही.

यंत्राने कापणे झटपट होते, पण घासणे वाढते. गोल दांडा खरादावर फिरता फिरता काचपेपरने साफ होतो. पिळाची खोबणी मात्र कापडी पेपरच्या पट्टीने हातानेच घासावी लागते. ८० नंबर, मग १२०, १८०, २२०. मधला नंबर गाळला तर ओरखडा पॉलिशखाली चमकून वर येतो. दर सांगताना भाव कापण्याच्या वेळेवर लावला तर धंद्यात तोटा ठरलेला. घासणे आणि पॉलिश यांचे तास आधी मोजावेत.

पॉलिशचे पहिले पाऊल म्हणजे वाळलेले लाकूड. आपल्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि जुलैत ओलसर. नवा फळा घेतला की त्यातला एक तुकडा वजन करून ठेवावा, दर आठवड्याला पुन्हा तोलावा. वजन उतरणे थांबले की लाकूड कामाला तयार. पैसे न लागणारी ही परीक्षा आहे.

चपडी लाखेचे माप आम्ही इथे उघड लिहितो. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडी हा पातळ हात, २४० ग्रॅम हा जाड हात. रात्रभर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात भिजू द्यावी. लोखंडी डब्यात ठेवली तर रंग काळपट होतो. राळ मिसळलेली स्वस्त चपडी घेऊ नये, तिला पुढे तडे जातात. जुने पॉलिश वापरण्याआधी काचेवर एक थेंब टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशीही तो चिकट असेल तर ते फेकावे. पावसाळ्यात पॉलिशवर पांढरी झाक येते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. अशा दिवशी कोरड्या दुपारची वाट पाहावी.

स्पिरिटबाबत काही भावांच्या मनात मसला असतो. त्याचे उत्तर आलिमांकडून घ्यावे, ते आमचे काम नाही. ज्याला नकोच असेल त्याने टाकणखाराच्या गरम पाण्यात लाख विरघळवावी. तो मार्गही जुना आहे.

मेलॅमाइन किंवा पी.यू. मारायचे असेल तर सागवान आणि शिसव यांचे नैसर्गिक तेल आड येते. आधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच हात मारावा. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हौशी लोक फार वापरतात, पण त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. एका फडक्यापायी दुकान जाऊ शकते.

बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणची लाखेची खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने चमकवतात. ही पद्धत पिळाच्या खांबाला चालत नाही, तिथे कापसाची पोटलीच हवी. पण त्या गावाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बावास मियाँ नावाचे कारागीर जपानची पद्धत शिकून आले आणि त्यांनी ती गावातल्या इतरांना शिकवली, असे तिथे सांगितले जाते. कसब एका घरात राहिले असते तर चन्नपट्टणचे नाव खेळण्यांमुळे एवढे झाले नसते.

पैशाबद्दल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात ५ टक्के व्याजाचे कर्जही आहे, पण ते घेतलेच पाहिजे असे नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि औजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत ही कर्जाहून वेगळी आहे, ती परत करायची नसते. हाताचे राउटर मशीन आणि दोन-चार चांगली बिट त्यात बसू शकतात. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून होते. नोंदणी सुरू आहे की नाही हे तिथेच आधी विचारावे.

यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर एक काम करता येते. जुम्याच्या नमाजनंतर चार कारागिरांनी एका दुकानात बसावे. प्रत्येकाने वितीएवढी फळी आणावी, पुढच्या बाजूस आपले पॉलिश आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले : लाकूड कोणते, पेपर कोणता, लाख किती ग्रॅम, हात किती, महिना कोणता.