डोळ्यातले नवे भिंग

ऊस तोडणीला आला की चलथाणच्या साखर कारखान्याकडे ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या दिवसांत कोणाही शेतकऱ्याला घरच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांकडे पाहावयास सवड नसते. "एवढी तोड होऊ द्या, फादर, मग बघू," हे उत्तर मी अनेक घरांत ऐकले आहे. परंतु एका घरी, सत्तरीच्या एका काकांनी निराळेच उत्तर दिले. "परकी वस्तू डोळ्यात घालून घ्यायची नाही. शिबिरात ऑपरेशन झाल्यावर आईचे काय हाल झाले ते मी पाहिलेत."

मला त्यांचे बोलणे हसण्यावारी नेता आले नाही. माझ्या आजीचेही तसेच झाले होते. ऑपरेशननंतर तिला सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. त्यातून तिला माणसे दिसत, पण दाराची चौकट वाकडी दिसे, पायरी आहे त्याहून जवळ वाटे आणि चहा कपात न पडता बशीत पडे. चष्मा काढला की सारे धुके. एकदा तो गोठ्यात पडला व बैलाच्या पायाखाली आला. नवा चष्मा येईपर्यंत आजी ओट्यावर बसून राहिली.

आता गंमत अशी, की काकांच्या आईच्या किंवा माझ्या आजीच्या डोळ्यात कोणी परकी वस्तू घातलीच नव्हती. हाल झाले ते काही न घातल्यामुळे.

हे नीट समजून घेऊ. डोळ्यातील काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. सेमिनरीत लॅटिन शिकताना मला कळले, की लेन्स हा शब्दच मुळी त्या भाषेतला मसुरीचा शब्द. आकार तसाच, दोन्ही बाजूंनी फुगीर. रुंदी सुमारे ९ मिलिमीटर. हे भिंग एका नाजूक पिशवीत बसलेले असते. वय झाले, किंवा मधुमेह, मार अथवा काही औषधे यांमुळे ते गढूळ झाले, की त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. तो डोळ्यावर वाढणारा पडदा नव्हे, म्हणून कोणत्याही थेंबांनी किंवा अंजनाने तो विरघळत नाही. गढूळ भिंग काढावेच लागते. पूर्वी ते पिशवीसकट काढीत व जागा रिकामी ठेवीत. आत गेलेल्या भिंगाचे काम मग नाकावरच्या जाड काचेने करावयाचे. त्या काचेतून प्रत्येक वस्तू सुमारे पावपट मोठी दिसे. आजीच्या पायरीचे कोडे ते हेच.

रिकाम्या जागी दुसरे भिंग बसवावे, ही कल्पना युद्धातून आली. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या वैमानिकांच्या विमानांची पारदर्शक छपरे गोळ्यांनी फुटत व त्या प्लॅस्टिकच्या कपच्या त्यांच्या डोळ्यांत घुसत. लोखंड घुसले तर डोळा सुजतो, बिघडतो. या कपच्या मात्र वर्षानुवर्षे आत निमूट पडून राहतात, असे हॅरल्ड रिडली या डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याच जातीच्या शुद्ध प्लॅस्टिकचे भिंग बनवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रथम वापरले. पहिल्या भिंगाचा नंबर चुकला होता; त्या बाईंना दूरचे पाहण्यासाठी मोठ्या नंबरचा चष्मा घ्यावा लागला. अनेक नामांकित डॉक्टरांनी रिडलींना कडाडून विरोध केला. पुढे उतारवयात रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी दोन्ही डोळ्यांत भिंगच बसवून घेतले. आपल्या काकांना मी हे सांगितले, तेव्हा ते प्रथमच हसले.

आपल्या देशात अडचण होती ती किमतीची. परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. मदुराई येथे डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले होते. त्या संस्थेने १९९२ साली ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून भिंगाची किंमत खूप खाली आणली. मराठी मुलखात डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव कोणास ठाऊक नाही? लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी घरातला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा अधिष्ठाता झाला. मोतीबिंदूची एक लाखाहून अधिक ऑपरेशने त्यांच्या हातून झाली. आनंदवनातील कुष्ठरोग्यांचेही डोळे त्यांनी उजळले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आज हे ऑपरेशन बहुधा पंधरा-वीस मिनिटांत होते. डोळा बधिर करतात, बारीक छेद घेतात, गढूळ भिंग काढतात व पिशवी जागेवर ठेवून तिच्यातच नवे भिंग बसवितात. ते झिजत नाही, बदलावे लागत नाही, हाताला किंवा डोळ्याला जाणवत नाही. डोळ्याची लांबी व बुबुळाचा बाक आधी यंत्रावर मोजतात, म्हणजे रिडलींच्या पहिल्या रुग्णासारखी नंबरात चूक होत नाही. ही मोजणी घाईत उरकू देऊ नका.

भिंगांचे प्रकार ऐकून पुष्कळांचा गोंधळ उडतो. साधे भिंग एकाच अंतराचे स्वच्छ दाखविते. ते बहुधा दूरचे ठेवतात. मग वाचण्यास किंवा तांदूळ निवडण्यास साधा चष्मा लागतो. महागड्या भिंगांत जवळ व दूर दोन्ही दिसण्याची सोय असते, पण काहींना रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. रात्री पाणी द्यावयास शेतात जाणाऱ्याने याचा विचार करावा. माझे मत विचाराल तर, भारी भिंगासाठी कोणी कर्ज काढू नये. सरकारी रुग्णालयात व अनेक धर्मादाय संस्थांत साधे भिंग विनामूल्य बसवितात, आणि ते उत्तम काम देते.

दुसरी एक समजूत म्हणजे मोतीबिंदू पिकू द्यावा. ऊस पिकू द्यावा हे बरोबर, मोतीबिंदू नव्हे. जुन्या पद्धतीत पिकलेला सोपा पडे, म्हणून तसे सांगत. आता अति पिकलेला कठीण होऊन बसतो, ऑपरेशन अवघड होते, आणि कधी डोळ्याचा दाब वाढून असह्य दुखू लागते. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की वेळ झाली असे समजावे. थंडीतच ऑपरेशन करावे हेही आता जरुरीचे नाही.

भिंग सर्व काही करू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. काचबिंदूने किंवा मधुमेहाने डोळ्याचा मागचा भाग खराब झाला असेल, तर पुढे कितीही चांगले भिंग बसवून उपयोग नाही. उसाच्या पात्याने बुबुळ खरचटते व त्यात बुरशी धरते. त्याचा पांढरा डाग राहिला तर तोही भिंगाने जात नाही. पाते लागले तर दुकानातून कोणतेही थेंब आणून घालू नका. स्टेरॉइडचे थेंब अशा वेळी डोळा घालवू शकतात.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस धूळ, पाचट जाळल्याचा धूर, फवारणी, ओझे व डोळ्यात पाणी हे टाळावे. थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. डोळा लाल झाला, दुखू लागला वा नजर कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. आत जंतू गेले असतील तर तासातासाने नुकसान होते. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले, तर मोतीबिंदू परत आला असे लोक म्हणतात. तो परत येत नाही. भिंगामागची पिशवी धुरकट झालेली असते, व लेसरने काही मिनिटांत, चिरफाड न करता, ती मोकळी होते.

आमचे काका तपासणीस जाऊन आले. मधुमेह आहे हे त्यांना तेथेच कळले. साखर आटोक्यात आल्यावर उजव्या डोळ्याची तारीख मिळेल. त्या दिवसांत त्यांच्या उसाला पाणी कोण देणार हा प्रश्न होता. शेजारच्या दोघा तरुणांनी पाळी वाटून घेतली आहे.