भाऊरावांचे बोर्डिंग

हातकणंगले तालुक्यात कुंभोज नावाचे गाव आहे. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. शिकायला ते कोल्हापूरला आले. शाहू महाराजांच्या मदतीने तिथे निरनिराळ्या जातींची बोर्डिंगे निघाली होती. बोर्डिंग म्हणजे शिकणाऱ्या मुलांनी राहायची-जेवायची जागा.

खेड्यातल्या पोराची खरी अडचण हीच. शाळा लांब. राहायचं कुठं? खायचं काय? भाऊरावांनी हे ओळखले. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. पुढे त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. पण इथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एका पंगतीला बसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती, बरे का!

इतक्या पोरांना जेवू कसे घालायचे? भाऊराव गावोगाव मदत मागत फिरत. मुले स्वतः कष्ट करीत. घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सगळ्यांची आई झाल्या. त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी होते आणि धान्य संपले. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. सवाष्ण बाईला ते किती जड गेले असेल, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको.

त्या १९३० मध्ये वारल्या. बोर्डिंग बंद पडले नाही. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले, तोवर संस्थेच्या शाळा आणि कॉलेजेही उभी राहिली होती.