गुरुवारी चार ते सहा

पहाटे साडेचार

यांच्या ओरडण्याने जाग येते. स्वप्नात कुणीतरी अंगावर धावून येतं आणि हे हातपाय झाडू लागतात. पार्किन्सन्स झालेल्या पुष्कळांना हा त्रास असतो. एरवी स्वप्न पडताना आपले स्नायू सैल पडलेले असतात. यांचे पडत नाहीत, म्हणून स्वप्नातली मारामारी पलंगावर होते. पलंग भिंतीला लावलाय, मोकळ्या बाजूला जमिनीवर गादी अंथरलीय आणि मी समोरच्या दिवाणावर झोपते. अशा वेळी धरायला जायचं नाही, लांबूनच हाक मारायची. मग पाणी, मग कूस बदलायची. सॅटिनची चादर घातल्यापासून कूस वळायला सोपं जातं. सुती चादरीवर अंग अडकून बसायचं. यांना परत झोप लागते, मला लागत नाही. माझा दिवस मी इथूनच धरते.

सहा

पहिली गोळी, सिंडोपा, नुसत्या पाण्याबरोबर. दुधाचा चहा त्यानंतर पाऊण तासाने. गोळीतली लिव्होडोपा आतड्यातून रक्तात जाते त्याच वाटेने प्रथिनंही जातात, त्यामुळे गोळीबरोबर दूध किंवा दही पोटात गेलं की गोळीचा असर कमी होतो आणि पुढचे तीन तास लाकडासारखे जातात. आमच्या घरी वरण, उसळ, अंडं सगळं रात्रीच्या जेवणात गेलं ते यामुळे. दिवसातून पाच वेळा गोळी, ठरलेल्या मिनिटाला. ज्याला माझ्या जागी दोन तास बसायचंय, त्याला यातलं सगळं नको, पण एवढं यायलाच हवं.

सात

न्हाणीघराच्या उंबऱ्याशी हे थांबतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ओढलं तर पडतात, घाई केली तर आणखी गोठतात. फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने पिवळी चिकटपट्टी लावली आहे आणि मी ‘डावा, उजवा’ म्हणत ताल धरते. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. सरळ चालायला न येणाऱ्याला रेघ ओलांडता येते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. ही युक्ती दवाखान्यात नाही कळली. पार्किन्सन्स मित्रमंडळाचे दोघं जण घरी भेटायला आले होते, त्यांतल्या एका बाईंनी पर्समधून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून लावून दिली. त्यांचे यजमान तेव्हा हयात नव्हते. तरी त्या येत होत्या.

साडेआठ

मावशी येतात. नर्सिंग ब्युरोची बारा तासांची बाई काही महिने ठेवून पाहिली. यांच्या पेन्शनचा निम्म्याहून मोठा वाटा तिच्यात जायचा आणि बाई सारखी बदलायची. प्रत्येक नवीन बाईला मी सगळं पहिल्यापासून शिकवायची. या मावशी थेट येतात, दीडपर्यंतच, पण तीन वर्षं त्याच आहेत. अंघोळ, दाढी, कपडे, व्यायाम. यांची दाढी त्या माझ्यापेक्षा चांगली करतात.

आज पीएमपीची बस चुकली म्हणून धापा टाकत आल्या. “काकू, सासऱ्यांना रात्री दोनदा उलटी झाली. पोरीला शाळेत नाही पाठवलं, बसवलं त्यांच्यापाशी.” पोरगी नववीत आहे. माझ्या घरात मला मोकळीक मिळावी म्हणून दांडेकर पुलाजवळच्या एका घरात एक मुलगी शाळा बुडवून आजोबांपाशी बसली आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी मावशींना साडेअकराला घरी पाठवलं आणि पगार कापायचा नाही हे आधीच सांगून टाकलं, कारण तेवढ्यासाठी त्या थांबल्या असत्या.

अकरा

हे खुर्चीत बसून पेपर चाळतात आणि मी टेबलाशी फोन आणि फायली घेऊन बसते. घरातल्या आजारी माणसाचं निम्मं काम कागदावर असतं, हे कुणी आधी सांगत नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आला त्यात पार्किन्सन्सचा समावेश झाला. म्हणजे चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, निघतं, आणि जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर १,२५,००० रुपयांची. यांचं कार्ड झालंय. ज्यांचं झालं नाही त्यांनी हिंडतंफिरतं असतानाच करून घ्यावं. माणूस अंथरुणाला खिळल्यावर त्याला तपासणीच्या रांगेत नेणं फार जड जातं.

त्याच कायद्याच्या २४व्या कलमात, ज्यांना सततचा आधार लागतो अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. पण त्या कलमाची सुरुवातच सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत अशी आहे. मी भत्त्याची वाट पाहत बसलेली नाही, पण तो मागायचं सोडणारही नाही. रात्रंदिवस चालणारं हे काम कायद्यात नोंदलं गेलं, तर त्याला काही मोलही मिळालं पाहिजे.

वरच्या मजल्यावर एक आई आहे, तिच्या मुलाला ऑटिझम आहे. तिला नॅशनल ट्रस्टच्या योजना लागू आहेत: १९९९चा कायदा, त्याखाली लाखापर्यंतचा निरामय विमा, आणि समर्थ योजनेत अशा मुलांना काही दिवस राहायला ठेवायची सोय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि एकाहून अधिक अपंगत्वं, एवढ्यांसाठीच तो ट्रस्ट आहे. आमच्यासाठी नाही. मी तिला अर्ज भरायला मदत केली, तिने मला यूडीआयडीचं संकेतस्थळ कसं वापरायचं ते दाखवलं.

मग जनकल्याण समितीच्या रुग्णसाहित्य केंद्राला फोन. कमोडची खुर्ची हवी आहे. अनामत भरायची, नाममात्र भाडं द्यायचं, काम झालं की परत करायची. वॉकर तिथूनच आणला होता. एअर बेड, व्हीलचेअर, डोक्याकडून वर होणारा पलंग, सगळं मिळतं. गरज किती महिने राहील ते माहीत नसताना या वस्तू विकत घेऊन घर भरू नये.

मुलाचा फोन येतो, बंगळूरहून. “आई, तू आराम करत जा. स्वतःकडे बघ.” तो मनापासून म्हणतो, मला त्याचा राग येत नाही. पण आराम कर असं सांगितल्याने आराम होत नाही. माझ्या जागी कोण बसणार, कोणत्या वारी, किती वाजता, एवढं ठरलं तर होतो.

दीड

जेवण. पोळी कुस्करून, घास छोटा, हनुवटी थोडी खाली, गिळल्याची खात्री करून पुढचा घास. हे अर्धा तास डोळा मिटतात. अशा कामाचीही मोजणी होते. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत आलंय, की १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरच्यांच्या संगोपनात आणि शुश्रूषेत असतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के, आणि ज्या बायका हे करतात त्या दिवसाला १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. माझं वय त्या गटाच्या पुढे गेलंय. माझी मिनिटं त्यात नाहीत.

साडेतीन

आज गुरुवार. तिसऱ्या मजल्यावरचे सर येतात. शाळेतून निवृत्त झालेत, यांच्याशी बुद्धिबळ खेळतात. सुरुवातीला मला कुणाला विचारवत नव्हतं. विचारलं तेही मोघम: “कधी वेळ असेल तर बसाल का?” सगळे हो म्हणाले, आणि कुणीच आलं नाही, कारण कधी यायचं ते कुणालाच कळलं नाही. मग ‘गुरुवारी चार ते सहा’ असं विचारलं. सरांनी डायरी काढून लिहून घेतलं. पावसाचे चार दिवस सोडले तर ते चुकलेले नाहीत.

फ्रिजवर एक कागद आहे. साडेचारची गोळी कुठल्या डबीत. पाय अडकले तर ओढू नका, ताल धरा. पाणी द्याल तेव्हा पाठ टेकलेली नको. कोपऱ्यात मांजर दिसतंय म्हणाले तर नाही म्हणून वाद घालू नका, दिवा लावा. डॉक्टर, मी आणि शेजारच्या वहिनी यांचे नंबर. एकच पान. आधी तीन पानं होती, ती वाचून माणसं घाबरायची.

चार

पार्किन्सन्स मित्रमंडळाची महिन्याची सभा. एरवी हे बरोबर असतात, पण आज मी एकटी आले आहे आणि रिक्षात बसल्यावर पाच मिनिटं नुसती बाहेर बघत होते.

मंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि आमच्यासारख्यांना शुभंकर. सुरुवातीला हात वर, हात खाली, तोंडाने स्वर. मग कुणी डॉक्टर बोलतात. पण माझं लक्ष असतं ते नंतरच्या चहाकडे, कारण खरं बोलणं तिथे होतं. एक गृहस्थ आहेत, पत्नीला दुखणं होऊन आठ वर्षं झाली. एरवी फार बोलत नाहीत. आज माझ्याशेजारी उभं राहून हळूच म्हणाले, “काल मी तिच्यावर ओरडलो. चमचा पाचव्यांदा पडला म्हणून.” मी म्हटलं, मीही परवा ओरडले. पुढे दोघांनीही समजूत वगैरे घातली नाही, चहा प्यायला. पण मला माहीत आहे, ते आज घरी हलके होऊन जातील.

हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्यवर्ग सुरू केला, त्याबद्दलही इथेच कळलं. तालावर यांचे पाय सुटतात हे घरी रोज बघत होते, पण नाच हे उत्तर असू शकतं असं वाटलं नव्हतं.

पुण्यात हे सगळं एकेका दुखण्याभोवती उभं राहिलंय आणि बहुतेक वेळा घरात सोसलेल्यांनी उभं केलंय. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७मध्ये काढली. ते कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते, पत्नीला तो आजार होता. धायरीला त्यांचं दिवसभराचं केंद्र आहे आणि नातेवाइकांचा गट भरतो. मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं, पण तिथे व्यसनी माणसाच्या बायकोसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. आजार नवऱ्याला असला तरी थकलेली ती आहे, हे त्या संस्थेने ओळखलं. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तेही १९९७पासून. तिथे कर्करोगाच्या रुग्णाला विनामूल्य ठेवून घेतात, सोबत घरचं माणूस राहतं, आणि नळी, जखम, वेदनेचं औषध कसं सांभाळायचं ते शिकवून घरी पाठवतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनावरचा ताण बोलायला टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर मी सभेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला लिहून देते.

एवढं असून नवीन माणसाला दारं सापडत नाहीत. ज्याच्याकडे शोधायला वेळ नाही त्यानेच ती शोधायची असतात. दुखण्याचं नाव सांगतात त्याच दिवशी, त्याच टेबलावर, नातेवाइकाच्या हातात या पत्त्यांचा कागद पडला पाहिजे. मंडळातून आम्ही आमच्या डॉक्टरांकडे असे कागद ठेवायला सुरुवात केली आहे.

सव्वासहा

सर सांगतात, “आज मला हरवलं त्यांनी. गोळी चार पस्तीसला दिली, माझी चूक.” पाच मिनिटांनी काही होत नाही, पण त्यांनी सांगितलं याचं बरं वाटलं.

आठ

रात्रीचं जेवण, वरण-भात, दही. हे आज नीट जेवले. भाचीचं लग्न साताऱ्याला आहे, तीन दिवस. पुण्यात आजारी ज्येष्ठांना काही दिवस ठेवून घेणारी केंद्रं आहेत. मी एक पाहून आले, आधी एक दिवस राहून बघू असं यांच्याशी बोललेही. हे तयार आहेत. नणंदेला कळल्यावर ती म्हणाली, “दादाला टाकून लग्नाला जाणार?” मी तिला म्हटलं, वन्सं, तुम्ही या तीन दिवस, मग कुठेच ठेवायला नको. ती गप्प झाली. तिला दुखवायचं नव्हतं. तिला खरंच यायला जमलं तर मला हवंच आहे.

दहा

केंद्राचं ठरवण्याआधी मुलाला मीच फोन केला. सांगितलं, पैसे पाठवतोस ते पाठव, पण मला मे महिन्यात तुझे सात दिवस हवे आहेत. दोन दिवस माझ्याबरोबर राहून शिक, मग पाच दिवस तू बाबांचं बघ. त्यातले तीन दिवस मी साताऱ्याला, आणि मावशींना पूर्ण आठवडा भरपगारी रजा, सासऱ्यांपाशी राहायला. पोरगी निदान तेवढे दिवस तरी मोकळी होईल.

तो म्हणाला, “बघतो, सुट्टी टाकतो.” मी म्हटलं, बघतो नको, तारखा सांग. थोड्या वेळाने मेसेज आला: ९ ते १५ मे. मी फ्रिजवरच्या कागदाचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, सकाळच्या गोळीबरोबर दही द्यायचं नाही.